वाकडी फुंक

बासरीवाल्या बाई कुठे राहतात असं विचारलं की त्या गल्लीतला कोणीही कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाकडे बोट दाखवायचा. दुकानाला लागून जिना, जिन्याच्या वर दोन खोल्यांत संगीताचा वर्ग, आणि त्याच्याही वर घर. दुकान बाईंच्या नवऱ्याचं. खाली मी लोकांना नीट बघायला लावतो आणि वर ही नीट ऐकायला लावते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि ऐकणारा हसायच्या आत स्वतःच हसून घ्यायचा. बाई सत्तेचाळीस वर्षांच्या. त्यातली एकोणतीस वर्षं बासरीत गेलेली, आणि तीही फक्त शास्त्रीय. दुसऱ्या कशालाही फुंक द्यायची नाही, असा त्यांनी कानाला खडा लावून घेतला होता.

या खड्याला कारण झालं होतं एक बिस्किट. बाई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. कोणीतरी गळ घातली म्हणून एका बिस्किटाच्या जाहिरातीत त्यांनी वीस सेकंद बासरी वाजवली. पुढच्याच आठवड्यात गुरुजींकडे शिकायला गेल्या तर रेडिओ चालू, आणि रेडिओवर तेच बिस्किट. गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकलं, "हं" म्हणाले, आणि रेडिओ बंद करून तानपुरा जुळवायला घेतला. बस, एवढंच. पण त्या एका "हं"नं बाईंची पाचावर धारण बसली. त्यानंतर सिनेमाचे लोक आले, नाचाचे आले, नाटकवाले तर वर्षातून दोनदा यायचे. बाई सगळ्यांना चहा पाजायच्या आणि रिकाम्या हातानं परत पाठवायच्या.

आणि मग सत्तेचाळिसाव्या वर्षी एका रेकॉर्ड कंपनीचे साहेब स्वतः जिना चढून आले. तासाभराची रेकॉर्ड, एकट्या बाईंची, निव्वळ शास्त्रीय. तारीखही ठरली. तीन महिने घरात बोलणंसुद्धा हळू आवाजात व्हायला लागलं. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, त्यांच्याकडेच राहायच्या. जन्मभर शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी दारावर 'आवाज करू नये' अशी पाटी लावली, घंटीची तार काढून ठेवली आणि शिकायला येणाऱ्या मुलींना पायातल्या चपला हातात घेऊन जिना चढायला लावलं.

रेकॉर्डिंगला आठ दिवस उरले होते. मंगळवारी सकाळी बाई दात घासून चूळ भरायला गेल्या. तोंडचं पाणी पळालं असं आपण सहज म्हणतो; बाईंच्या तोंडचं पाणी खरोखरच डाव्या कोपऱ्यातून पळत होतं. त्यांनी पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच. टॉवेलनं पुसत बाहेर आल्या तर नवऱ्यानं वर्तमानपत्रातून मान वर केली आणि म्हणाला, "सकाळी सकाळी तोंड वाकडं करायला काय झालं?"

"मी कुठे केलंय?" बाई म्हणाल्या, पण त्यातला 'मी' नीट उमटलाच नाही.

त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. आयुष्य लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेलेला माणूस. त्याला तोंडाच्या आधी डोळा दिसला. उजवा डोळा मिटत होता, उघडत होता. डावा टक्क उघडा. खाली जाऊन त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि बाईंना घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी भुवया उडवायला लावल्या, गाल फुगवायला लावले, दात दाखवायला लावले. उजवीकडचं सगळं आज्ञाधारक, डावीकडचं ढिम्म. मेंदूचं काही नाही म्हणाल्या, तेव्हा नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. चेहऱ्याची एक नस सुजली होती. बहुतेकांची बरी होते, कोणाची तीन आठवड्यांत, कोणाची सहा महिन्यांत, कोणाची थोडी मागे राहते. गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना पापणीवर चिकटपट्टी. बाईंनी शेवटी एकच विचारलं, बासरी वाजवता येईल का. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की त्याचं उत्तर बासरीच देईल.

बासरीनं ते घरी पोचल्याबरोबर दिलं. बाईंनी ती ओठांना लावली आणि फुंकली. अर्धी हवा छिद्रात गेली, अर्धी डाव्या कोपऱ्यातून निसटली. सायकलच्या ट्यूबमधून हवा निघून जावी तसा आवाज झाला. बाईंनी बासरी पुसली, तिच्या कापडी पिशवीत घातली, पिशवीची नाडी बांधली आणि त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. ताईंनी त्या दिवशी घंटीची तार परत जोडली.

कंपनीच्या साहेबांनी फोनवर पुष्कळ हळहळ व्यक्त केली. प्रकृती सांभाळा म्हणाले, तारीख एका व्हायोलिनवाल्यांना दिली, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणून जो फोन ठेवला तो ठेवलाच.

पुढचे पाच आठवडे घरात तिघांनी तीन प्रकारे काढले. ताईंनी आपली शाळेतली शिट्टी शोधून काढली. रोज सकाळी बाईंना आरशासमोर बसवायचं, शिट्टी वाजवायची आणि हुकूम सोडायचे: भुवई वर, नाक आक्रस, ओठ पुढे. डावी बाजू हलली नाही तरी ताईंचं मोजणं चालूच. नवरा दर रविवारी आपली चष्म्याची मोजपट्टी घेऊन यायचा. हनुवटीपासून उजवा कोपरा किती, डावा किती. फरक साडेतीन मिलिमीटर. पाच रविवार साडेतीनच. तो आकडा मोठ्यानं म्हणायचा नाही, वहीत लिहायचा आणि बाईंच्या डाव्या गालावर हात ठेवून उगाच काहीतरी दुकानातलं सांगत बसायचा. उघड्या डोळ्याला वारा लागू नये म्हणून त्यानं एका बाजूनं झाकलेला चष्मा स्वतः घासून करून दिला होता.

आणि बाई? बाई नळीनं पाणी प्यायच्या, मऊ भात आणि सूप उजव्या बाजूनं खायच्या, आणि कमी बोलायच्या, कारण प, फ, ब, भ, म ही सगळी ओठांची अक्षरं त्यांना दगा देत होती. नवऱ्याला 'पाणी' मागायच्या ऐवजी ग्लासाकडे बोट दाखवायच्या. वर्गातल्या मुलींना त्यांनी सुट्टी दिली. गुरुजींचं वय त्र्याऐंशी, त्यांना कशाला घोर लावायचा, म्हणून त्यांना निरोप पाठवला की सर्दी झाली आहे.

सहाव्या आठवड्यात कानसेनचा फोन आला. शहराच्या टोकाला एक जुना बर्फाचा कारखाना होता. बर्फ केव्हाच बंद पडला, पण हातभर जाडीच्या भिंती तशाच उभ्या होत्या. त्या भिंतींच्या आत या गृहस्थानं रेकॉर्डिंगचा स्टुडिओ थाटला होता. गाता येत नाही, वाजवता येत नाही, पण कान असे की वरच्या मजल्यावर कोणी चमचा पाडला तर तो कोणत्या सुरात पडला ते सांगायचा. म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणायचे. त्याला बाईंचं सगळं कळलं होतं, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, त्यानं फोन केला होता. मुलांसाठीचं एक रेडिओ नाटक होतं. डोंगरावरचं घर, मोडकं दार आणि दाराच्या फटीतून येणारा वारा. यंत्रातला वारा लावला की घर झाडायचं मशीन चालू असल्यासारखं वाटायचं.

"बाई, मला सूर नकोय," तो म्हणाला. "तुमची जी हवा बाजूनं निसटतेय ना, तीच हवीय."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणतीस वर्षांच्या मेहनतीचं काय झालं, तर फट! त्यांनी फोन ताईंच्या हातात दिला आणि आत निघून गेल्या. ताईंनी पत्ता, वार, वेळ सगळं लिहून घेतलं, होकार दिला आणि आत येऊन सांगितलं की गुरुवारी दहा वाजता जायचंय, आणि घरात बसून भिंतीला वारा घालण्यापेक्षा तिथे घातलेला बरा. ताईंपुढे बोलायची सोय नव्हती. निदान 'ब'नं सुरू होणारं तर नव्हतीच.

गुरुवारी बाई फुरंगटूनच गेल्या. कानसेननं माइक त्यांच्या ओठांपासून चार बोटांवर ठेवला आणि काचेपलीकडे जाऊन बसला. बाईंनी फुंकलं. हेडफोनमध्ये त्यांच्याच तोंडातून निसटलेली हवा त्यांच्या कानात आली आणि त्या दचकल्या. ती खरंच डोंगरावरून आली होती. त्यांनी बासरी जराशी फिरवली. वारा लांब गेला. जवळ आणली, दाराशी येऊन थांबला. ओठ दमून आणखी ढिला पडला तसा वारा म्हातारा झाला, कण्हायला लागला. तीन तास बाई डोंगरावर होत्या. घरी आल्या आणि जेवताना त्यांनी सगळी हकीकत सांगितली, अडखळत, ओठांच्या अक्षरांसकट. नवरा आणि ताई ऐकत राहिले. त्या रविवारी मोजपट्टीवर तीन आलं. नवऱ्यानं दोनदा मोजलं आणि या वेळी आकडा मोठ्यानं म्हटला.

नाटक लागलं त्याच संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. आधी सर्दीची चौकशी केली. बाईंनी बरी आहे म्हणून सांगितलं.

"तो वारा तू होतीस," गुरुजी म्हणाले.

बाईंना दरदरून घाम फुटला. दुपारी मुलांचं नाटक ऐकायचा गुरुजींचा नेम त्यांना ठाऊक नव्हता.

"दुसऱ्या प्रसंगात म्हातारी दार लावते, तिथे तुझा वारा सुरात आला. वाऱ्याला सुरात यायचं काय कारण? नऊ वेळा वारा झालीस आणि दहाव्या वेळी बासरी झालीस. काम करायचं तर पुरतं करावं."

तेव्हा बाईंनी सगळं सांगून टाकलं. चेहरा, कंपनी, व्हायोलिनवाले, पापणीवरची चिकटपट्टी. डाव्या डोळ्याला तसंही पाणी यायचं, त्या दिवशी उजव्यालाही आलं. आणि मग, एवढं बोललोच आहोत तर, म्हणून बाईंनी तेवीस वर्षं गिळून ठेवलेला प्रश्न विचारला. बिस्किटाच्या जाहिरातीवर तुम्ही "हं" म्हणालात, ते का?

गुरुजींना बिस्किट आठवेना. जाहिरात आठवेना. बाईंनी दिवस सांगितला, खोली सांगितली, रेडिओ कुठे होता तेही सांगितलं.

"अगं, हं म्हणजे हं," ते शेवटी म्हणाले. "त्या वर्षी माझी दाढ फार दुखायची. दाढ दुखत असेल."

फोन ठेवून बाई जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. तेवीस वर्षं, सिनेमाची गाणी, नाटकं, नाच, किती माणसं चहा पिऊन परत गेली, आणि सगळं एका दाढेपायी! त्यांना राग आला, मग स्वतःचीच कीव आली, आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. अर्धाच चेहरा हसत होता, पण पोट धरून हसत होता. दुकानातून नवरा धावत वर आला, बायकोला काय झालं म्हणून. बाईंनी त्याला सांगायचा प्रयत्न केला, पण 'बिस्किट' शब्दातला 'बि' काही केल्या बाहेर येईना, आणि मग तर दोघंही हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन कानसेनला फोन केला आणि आणखी काय आहे असं विचारलं.

आणखी बरंच काही होतं. कानसेनकडे एक बाई यायची, तिशीची, डोक्याचा चकोट केलेली, नाचाची गाणी बनवणारी. समोर टेबल असो, भिंत असो की स्वतःचा गुडघा, तिची बोटं सतत ताल धरलेली, म्हणून तिचं नावच ठेका पडलं होतं. तिला लांबलचक सूर नकोच होते. तिला हवे होते तुकडे. फट्, तुक्, फट्, फट्. जिभेनं तोडलेले, ओठांनी फेकलेले. बाईंनी असलं काही आयुष्यात वाजवलं नव्हतं. पहिला तास त्यांचे तुकडे ठेक्यामागे धापा टाकत धावत होते. ठेका काचेच्या अलीकडे आली, बाईंच्या समोर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हातानं ताल द्यायला लागली, लहान मुलाला थोपटावं तसा. मग जमलं. तुकड्यावर तुकडा, शंभर, दोनशे. बाईंनी मोजणं सोडून दिलं. त्या मान हलवत होत्या, पाय आपटत होत्या, वर्गातल्या मुलींनी बघितलं असतं तर तोंडात बोटं घातली असती. मध्येच ठेकानं हात उचलला. तिची बोटं पहिल्यांदाच थांबली होती.

"बाई, तुमचा ओठ हलला," ती म्हणाली. "डावा. आत्ता. मी बघितला."

कानसेन काचेपलीकडून धावत आला. बाईंनी पुन्हा फट् केलं. डाव्या कोपऱ्यात, अगदी मासोळीनं पाण्यात शेपूट मारावी एवढं, काहीतरी हललं. तिघांनीही बघितलं. ठेकानं बाईंना अशी मिठी मारली की बासरी मध्ये दबून मोडायची वेळ आली.

बाई घरी आल्या त्या चपलाही न काढता वर्गात शिरल्या आणि त्यांनी आपला जुना खालचा सूर लावला, शांत आणि लांब. चार सेकंद टिकला आणि फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. वीस वेळा. तुकडे येत होते, पण जे त्यांचं स्वतःचं होतं ते येत नव्हतं. पुढचे चार दिवस त्यांनी बासरीला हात लावला नाही. ताईंनी मात्र शिट्टीचा नेम चुकवला नाही, आणि पाचव्या दिवशी सकाळी आरशासमोर बाईंचा ओठ पुढे आला तेव्हा त्यांनी शिट्टी इतकी जोरात वाजवली की खालून गिऱ्हाईक चष्मा अर्धवट घालून बाहेर आलं.

मग आल्या नर्सबाई. इस्पितळात वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा विभाग होता. काचेच्या पेट्यांत वीतभर बाळं. तिथल्या नर्सबाईंच्या मनात होतं की बाळांसाठी अंगाईचं रेकॉर्डिंग करावं. नर्सेस गुणगुणतील आणि सोबत बासरी. पण आवाज अगदी मंद हवा, डॉक्टरांनी मोजायचं यंत्रच आणून ठेवलं होतं, काटा एका खुणेच्या वर जाता कामा नये. बाळांना सोडून नर्सेसना स्टुडिओत येता येईना, म्हणून कानसेन आपली यंत्रं घेऊन तिकडे गेला. मिळाली एक चिंचोळी खोली, चादरी ठेवायची. एका बाजूला नर्सेस, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट. बाईंनी बासरी आडवी धरली की तिचं उजवं टोक कपाटावर आदळायचं. खुर्ची सरकवायला जागा नव्हती. शेवटी त्यांनी मान वळवली, खांदा आखडला आणि बासरीचं टोक खाली झुकवलं, तशी ती ओठांच्या मध्यावरून उजवीकडे बोटभर सरकली. गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलेल्या सगळ्या शिस्तीच्या विरुद्ध. आणि अगदी हळू, वाफेवर फुंकर घालावी तशी हवा सोडली.

सूर आला. स्वच्छ, अखंड. डाव्या कोपऱ्याची गरजच उरली नव्हती. ज्या बाजूला ताकद होती त्याच बाजूनं सगळी हवा जात होती. सूर एवढासा होता, पण हलत नव्हता. बाईंनी डोळे मिटले, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की डावाही मिटला आहे. नर्सेस गुणगुणत राहिल्या, बाई वाजवत राहिल्या, काटा खुणेच्या खाली पडून होता. काम संपल्यावर नर्सबाई त्यांना पेट्यांपाशी घेऊन गेल्या. एक बाळ आपला ओठ एका बाजूला मुडपून झोपलं होतं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, नवरा न्यायला आला तरी त्यांचं बघणं संपलं नव्हतं.

त्या दिवसापासून रियाज पुन्हा सुरू झाला. सकाळी सहा ते आठ, बासरी बोटभर उजवीकडे. एकोणतीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे नाकी नऊ येतात. वरच्या सुरांना जाताना बासरी आपली पूर्वीच्या जागी पळायची आणि बाई तिला दटावून परत आणायच्या. मधल्या काळात त्या कानसेनकडे जॅझ वाजवणाऱ्या तिघांबरोबरही बसल्या. पियानोवाले आजोबा, ड्रमवाला आणि त्याची बहीण. तिथे त्यांचा सूर मधूनच घसरायचा, ढिल्या ओठामुळे. त्या थांबून माफी मागायच्या, तर आजोबा म्हणायचे की घसरा, खुशाल घसरा, आम्ही तीस वर्षं असं घसरायला शिकतोय. बाईंना ते नाचाहूनही अवघड गेलं, आणि सगळ्यात जास्त मजा तिथेच आली.

सात महिने झाले. मोजपट्टीवर फरक उरला अर्धा मिलिमीटर, आणि तिथेच तो थांबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढा कदाचित राहील. बाई म्हणाल्या, राहू दे. 'प' आणि 'फ' कधीच परत आले होते.

एका बुधवारी दुपारी त्या कोणाला न कळवता बर्फाच्या कारखान्यात गेल्या. कानसेन कसल्याशा तारा जोडत बसला होता. आज मला माझं वाजवायचंय, एवढंच त्या म्हणाल्या. त्यानं तारा तशाच सोडल्या, माइक लावला, तानपुरा सुरू केला आणि काचेपलीकडे गेला. कंपनीसाठी बसवलेला तोच राग. बाईंनी बासरी उजवीकडे सरकवली आणि सगळ्यात खालचा सूर लावला.

तो सूर पूर्वीसारखा नव्हता. पूर्वी त्यांचा सूर काचेसारखा होता, सगळे त्याचीच तारीफ करायचे. आता त्याच्या कडेनं अगदी पातळशी हवा वाहत होती, जणू सूर कोणाच्या तरी छातीतून येतोय हे झाकायचं राहून गेलंय. बाईंना ती ऐकू आली आणि त्यांनी ती राहू दिली. मग त्या पुढे निघाल्या. आलापात एके ठिकाणी सूर वाऱ्यासारखा लांब जाऊन दाराशी परतला. लय वाढली तेव्हा जीभ आणि ओठ असे चालले की काचेपलीकडे कानसेनची बोटं टेबलावर ताल धरायला लागली. एका उतारावर त्यांनी सूर मुद्दाम घसरू दिला, आणि शेवटी इतक्या हळू आल्या की बाळसुद्धा जागं झालं नसतं. हे त्यांनी योजलं नव्हतं. हात जिकडे गेले तिकडे त्या गेल्या. एकेचाळीस मिनिटं, मध्ये एकदाही न थांबता.

मग बासरी खाली ठेवली. बाईंनी मान वर केली. काचेपलीकडे कानसेन उभा होता, दोन्ही हात डोक्यावर धरून. शेजारी नवरा आणि ताई. कानसेननं मध्येच कधीतरी फोन करून त्यांना बोलावून घेतलं होतं. नवऱ्यानं स्वतःचा चष्मा काढून हातात घेतला होता आणि तो कशानं पुसावा हे त्याला सुचत नव्हतं.

"पुन्हा घ्यायचं का?" बाईंनी विचारलं.

"हात जरी लावलात तरी खबरदार," कानसेन माइकमधून म्हणाला.

रेकॉर्ड काढायची कल्पना त्याचीच. एकेचाळीस मिनिटं तर होतीच, पण त्याच्या आधी, ज्या क्रमानं झालं त्याच क्रमानं, वारा, नाचाचे तुकडे, अंगाई आणि जॅझ. बाईंनी आधी नाही म्हटलं. रसिक मंडळी काय म्हणतील? मग घरी जाऊन सगळं एका दमात ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणून सांगितलं. नावही त्यांनीच दिलं: वाकडी फुंक.

बातमी फुटली तसे कंपनीचे साहेब पुन्हा जिना चढून आले. रेकॉर्ड आम्ही काढतो म्हणाले, मोठ्या प्रमाणावर, फक्त ते वाऱ्याचं आणि नाचाचं काढून टाकू, आणि नावही जरा बरं ठेवू. बाईंनी त्यांना चहा दिला, खुर्ची दिली, प्रकृतीची चौकशी केली.

"सगळं घ्यायचं तर घ्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर राहू द्या. वाऱ्याशिवाय पुढचं काही झालंच नसतं."

साहेब विचार करून कळवतो म्हणून गेले. ते कळवेपर्यंत कानसेननं रेकॉर्ड काढलीही होती, आणि रेडिओनं ती एका रविवारी सकाळी सलग वाजवली, एकही जाहिरात मध्ये न घालता. त्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानात जेवढी माणसं आली त्यातल्या निम्म्यांचे डोळे ठणठणीत होते. त्यांना फक्त जिना कुठला ते विचारायचं होतं.

शेवटी नगरसभागृहात कार्यक्रम ठरला. सहाशे खुर्च्या भरल्या आणि माणसं पायऱ्यांवर बसली. पुढच्या रांगांत शास्त्रीय ऐकणारी जुनी मंडळी, हाताची घडी घालून. त्यांच्या मागे ठेकाचा गोतावळा, ज्यांना पाच मिनिटं स्थिर बसायची सवय नव्हती. नर्सेस कामावरून थेट गणवेशातच आल्या होत्या. डॉक्टरीणबाई होत्या, वर्गातल्या मुली होत्या. गुरुजींना नवरा स्वतः जाऊन घेऊन आला होता. आपली तीच पाटी घेऊन दाराशी ताई उभ्या होत्या आणि कोणाची टाप नव्हती उशिरा आत शिरायची.

दिवे मंद झाले आणि वारा आला. सभागृहातल्या दोनचार जणांनी खरोखरच मागे वळून दाराकडे बघितलं. मग ठेका मंचावर आली, आणि हाताची घडी घातलेल्या जुन्या मंडळींपैकी पहिल्यांदा एकाचा पाय हलला, मग शेजारच्याचा. अंगाईच्या वेळी सहाशे माणसं श्वास रोखून होती. पियानोवाल्या आजोबांबरोबर बाई अशा घसरल्या की लोक मोठ्यानं हसले आणि टाळ्या पिटल्या. आणि मग मंच रिकामा झाला, बाई एकट्या बसल्या, बासरी बोटभर उजवीकडे घेतली, आणि एकेचाळीसच्या जागी बावन्न मिनिटं वाजवलं. ठेकाचा गोतावळा जागचा हलला नाही. शेवटचा सूर विरला. मग सगळं सभागृह एकदम उभं राहिलं. गुरुजीही उभे राहिले, काठीवर भार टाकून, आणि लोक थकून बसायला लागले तरी ते बसले नाहीत. बाईंनी मंचावरूनच त्यांना वाकून नमस्कार केला, आणि सरळ झाल्या तेव्हा त्या हसत होत्या, सगळ्या चेहऱ्यानं, अर्धा मिलिमीटर वाकड्या.

आत जाऊन त्या घोटभर पाणी प्यायल्या, ग्लासानं. तेवढ्यात दारात अग्निशमन दलाच्या गणवेशातले एक धिप्पाड गृहस्थ टोपी काखेत धरून उभे राहिले. ते दलाच्या बँडचे प्रमुख होते. त्यांच्याकडे पितळी वाद्यं वाजवणारे अठरा जण होते, सगळे आग विझवून आलेले, सगळे जोरात वाजवणारे. त्यांना एक संचलनाची धून बसवायची होती आणि तिच्यावरून उडत जाणारी बासरी हवी होती. बाईंना असलं काही चालेल का, हे विचारताना ते एवढे अवघडले की टोपी दोनदा हातातून पडली.

"गुरुवारी चालेल," बाई म्हणाल्या. "पण आठनंतर. आठपर्यंत माझा रियाज असतो."